मंजुळाबाईंनी न घेतलेलं नाव

पाणीवाटपाच्या कचेरीत संगणक आला तेव्हा पहिला प्रश्न निघाला तो चपलांचा. यंत्राच्या खोलीत धूळ जाता कामा नये, सबब पादत्राणं बाहेर काढावीत, असं वरून पत्रक आलं होतं. झालं, त्या दिवसापासून त्या खोलीला देवघराचा मान मिळाला. पंढरी शिपायानं उंबऱ्यावर रांगोळी काढली, काचेच्या पडद्याला कुंकवाचं बोट लावलं आणि नारळ फोडला. नारळाचं पाणी यंत्रावर उडू नये म्हणून पेंडसेसाहेबांनी स्वतः मध्ये छत्री उघडून धरली. पत्रकात असंही होतं, की या यंत्राला व्हायरस होऊ शकतो. तेव्हा साहेबांनी दारापाशी साबणाची वडी ठेवली, आणि सर्दी झालेल्या माणसानं आत जायचं नाही असा तोंडी हुकूम काढला.

साल त्र्याण्णव. मे महिना. कल्याण-डोंबिवलीत पाण्याची बोंब होती आणि त्या खोलीत गार हवेचं यंत्र होतं. एरवी लोक कचेरीत भांडायला यायचे, ते आता चपला काढून गार व्हायला येऊ लागले.

या देवघराची पुजारीण म्हणून निवड झाली मंजुळाबाई केणींची. टंकलेखनात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ठाण्याच्या खाडीकाठी आई ज्या चपळाईनं कोळंबी सोलायची, ती सगळी चपळाई लेकीच्या बोटांत उतरली होती. माहेरी जाळं, सासरी जाळं, आणि मध्येच ही एक जण सरकारी खुर्चीवर. कल्याणच्या कोळीवाड्यातून सकाळी त्या निघाल्या की बायका हातातली मासळी खाली ठेवून बघत आणि आपल्या मुलींना सांगत, बघ गो, ती कंपूटरवाली चालली. दोन्ही घरांत आजवर कुणाला खुर्चीचा मान मिळाला नव्हता. मंजुळाबाई त्या खुर्चीवर बसताना रोज हातानं तिला एकदा पुसत, आणि पुसताना नमस्कार केल्यासारखा हात कपाळाकडे जाई.

यंत्राचं काम एकच. उन्हाळ्यात पाणी वाटून द्यायचं असे. कुठल्या भागाला किती वाजता सोडायचं ते यंत्रात भरलेलं. रोज संध्याकाळी मंजुळाबाई दुसऱ्या दिवसाचा कागद छापून काढत. छापायचं यंत्र विळीवर नारळ खवावा तसं खरखरत लांबच लांब कागद बाहेर सोडी. तो कागद घेऊन दौलत चावीवाला पहाटेपासून सायकलवर फिरे आणि रस्त्यातल्या चाव्या पिळून एकेका वस्तीचं पाणी सुरू करी. साहेबांनी त्याला बजावलं होतं, आता कुणाच्या सांगण्यावरून चावीला हात लावायचा नाही, यंत्र सांगेल तेच खरं. जुनं हातानं लिहिलेलं बाड त्यांनी उत्साहाच्या भरात रद्दीवाल्याला देऊनही टाकलं होतं.

शिकवायला ठाण्याहून सुमेधा नावाची मुलगी आली होती. केस कापलेली, बोलायला गोड, पण डोळ्यांत मास्तरणीची जरब. शेवटच्या दिवशी तिनं मंजुळाबाईंना एकटीला बसवलं. ती म्हणाली, घराचं कुलूप तुटलं तर एका घराचं नुकसान होतं, पण या यंत्रात सगळ्या गावाची तहान आहे. म्हणून याचं कुलूप पत्र्याचं नसतं, शब्दाचं असतं. तो शब्द फक्त तुम्हाला माहीत हवा. साहेबांनासुद्धा नाही.

“असा शब्द निवडा बाई,” सुमेधा म्हणाली, “जो तुम्ही या जन्मात विसरणार नाही. आणि जो तुमच्या तोंडून कधीच, कुणासमोर, चुकूनही बाहेर पडणार नाही.”

मंजुळाबाईंना क्षणभरही विचार करावा लागला नाही. असा शब्द बाईमाणसाकडे एकच असतो.

त्यांनी नकळत डोक्यावर पदर घेतला. सुमेधाला तोंड फिरवायला सांगितलं. मग एकेक अक्षर, तुळशीला पाणी घालावं तसं हळूच, त्यांनी दामाजी हे नाव यंत्रात टाकलं. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याला “अवो” म्हटलं होतं, “ऐकताव का” म्हटलं होतं, सासूसमोर नुसत्या बांगड्या वाजवल्या होत्या. पण नाव म्हणून घेतलं नव्हतं. आज पहिल्यांदा घेतलं, आणि बघतात तर काय, काळ्या पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसत्या चांदण्या उमटल्या. एका अक्षराला एक चांदणी. यंत्रालासुद्धा रीत कळते हे पाहून मंजुळाबाईंचा त्याच्यावर जीवच बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबे उघडले गेले. समोरच्या टेबलावरच्या प्रमोदिनी, डोंबिवलीहून येत. हात आखडता पण चौकशी मोकळी. त्यांनी कारल्याची फोड पुढे करत सहज विचारलं, की शब्द अगदी पक्का ठेवलात ना? नाहीतर एखाद्याला कळायचा.

“कसा कळंल?” मंजुळाबाई अभिमानानं म्हणाल्या. “लगीन झाल्यापासून तो शब्द माझ्या तोंडातून निघालेला नाय, नि निघणारपण नाय.”

प्रमोदिनींची पोळी हातातच राहिली. चहा ओतणाऱ्या पंढरीचा चहा बशीतून टेबलावर आला. दोघांनीही एकाच वेळी मंजुळाबाईंच्या टेबलाकडे पाहिलं. तिथं कडेला लाकडी पाटी होती, आणि पाटीवर पांढऱ्या रंगात, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: सौ. मंजुळा दामाजी केणी.

खरं सांगायचं तर कुणाच्या मनात पाप नव्हतं. प्रमोदिनी त्या दिवशी मंजुळाबाई हात धुवायला गेल्यावर खोलीत शिरल्या त्या नुसतं बघायला, की लागतंय का. लागलं. दार उघडलं म्हणून माणूस आत डोकावतो, आणि डोकावल्यावर स्वतःच्या गल्लीचं नाव दिसतं. डोंबिवलीत त्यांच्या गल्लीला पाणी यायचं ते भर दुपारी, घरात कुणी नसताना. एकट्या सासूबाई गुडघ्यांवर हात ठेवत बादल्या ओढायच्या. प्रमोदिनींनी एकच ओळ बदलली. सकाळी सहा. सोन्यासारखी वेळ.

पंढरी राहायला विठ्ठलवाडीला. त्याच्याकडे पाणी यायचं पहाटे साडेतीनला, आणि घरात बायको ओली बाळंतीण. त्यानंही एकच ओळ बदलली. सकाळी सहा. मग चहावाल्यानं पंढरीला साकडं घातलं. प्रमोदिनींच्या नणंदेनं प्रमोदिनींना घातलं. दौलतचा मेव्हणा होता, त्यालाही नाराज करून कसं चालेल. जो तो चपला काढून, साबणानं हात धुऊन, अदबीनं आत जायचा, दामाजीचं नाव घ्यायचा, आपल्या माणसांची ओळ सहावर आणायचा आणि यंत्राला नमस्कार करून बाहेर पडायचा. देवळातसुद्धा इतकी शिस्त नसते.

पंढरीला मात्र मनातून टोचत होतं. ज्या माउलीच्या कुंकवाचं नाव आपण रोज वापरतो, तिच्या दारी पाणी यावं दुपारी अर्धाच तास? त्यानं कोळीवाड्याची ओळही सहावर आणली. तेवढ्यानं मन हलकं झालं नाही म्हणून पेंडसेसाहेबांची आळीही सहावर आणली. साहेबांना विसरून चालत नाही, हे त्याला नोकरीनं शिकवलं होतं.

मंजुळाबाई संध्याकाळी कागद छापत, पण वाचत नसत. स्वतः कुलूप लावलेला हांडा कुणी रोज उघडून बघतं का? कोळीवाड्यात पाणी सकाळी येऊ लागल्याचं त्यांना दिसलं, पण त्यांना वाटलं, साहेबांनी दया केली असेल. आळीत पाणी सकाळी येऊ लागल्याचं साहेबांनाही दिसलं होतं. पेंडसेवहिनींनी कौतुक केलं तेव्हा “थोडं वजन वापरलं” असं म्हणून त्यांनी ते आपल्या नावावर जमाही करून टाकलं होतं.

असं करता करता मंजुळाबाईंच्या पुतण्याची हळद आली. कोळ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. बाईंनी रजा टाकली, आदल्या संध्याकाळी घाईघाईनं दुसऱ्या दिवसाचा कागद छापला आणि दौलतच्या हातात कोंबला. त्या दुपारी, बाई उद्या नाहीत म्हणून, राहिलेल्या सगळ्यांनी आपापली ओळ बदलून घेतली होती, हे त्यांना कुठून माहीत असणार.

सकाळी दौलतनं कागद उलगडला आणि त्याचे डोळे फिरले. सगळं गाव सहाला. आता माणूस एक, सायकल एक, आणि चाव्या गावभर पसरलेल्या. पण यंत्र सांगेल तेच खरं. त्यानं मेव्हण्याला उठवलं, मेव्हण्यानं त्याच्या भावांना, आणि सहाच्या ठोक्याला गावातल्या झाडून सगळ्या चाव्या एकदम उघडल्या.

एकदम उघडल्यावर व्हायचं तेच झालं. टाकीनं एक उसासा टाकला आणि गावभरच्या नळांनी पाण्याऐवजी नुसती हवा सोडली. कुठं नळ खोकला, कुठं घुरघुरला, कुठं शिट्टी वाजवून गप्प झाला. डोंबिवलीत सासूबाई बादली लावून बसल्या होत्या, विठ्ठलवाडीत पंढरीची बायको बाळाला न्हाऊ घालायला पाटावर बसली होती. थेंब नाही. जे काही पाणी टाकीत होतं ते उतार शोधत शोधत खाली गेलं, आणि गावातला सगळ्यात खालचा भाग म्हणजे खाडीच्या काठचा कोळीवाडा. तिथं नळांना असा काही जोर आला की हळदीच्या मांडवात पोरं नळाखाली नाचू लागली.

ही बातमी गावात जायला वेळ लागला नाही. ऊन तापायच्या आत रंगूबाईंच्या पुढारपणाखाली रिकामे हंडे कचेरीवर चालून आले. रंगूबाई म्हणजे बोलायला लागल्या की समोरचा आपसूक खुर्ची देई. त्यांनी हंडा साहेबांच्या टेबलावर उपडा ठेवला आणि विचारलं, की साऱ्या गावाचे नळ कोरडे आणि एकट्या कोळीवाड्याला धो धो, हे कसं काय?

“यंत्रावर कोण बसतं तुमच्या?” त्यांनी विचारलं. “कोळीवाड्यातलीच बाई ना? मग झालं तर. पाणी बरोबर घरी नेलंन तिनं.”

पेंडसेसाहेबांना घाम फुटला. त्यांनी आतल्या आत बदलीचा कागद जुळवायलाही सुरुवात केली: मंजुळाबाईंना यंत्रावरून काढून आंबिवलीच्या पाइपांच्या गुदामात. पण ते नंतर. आधी वेळा दुरुस्त करून नवा कागद छापायला हवा होता, कारण दौलत हातानं लिहिलेल्या चिठ्ठीला शिवायला तयार नव्हता. “यंत्राचा कागद द्या साहेब,” तो म्हणत होता. “तुमचाच हुकूम आहे.” आणि यंत्र तर शब्द मागत होतं.

साहेबांनी सगळ्यांना विचारलं, कुणाला तो शब्द ठाऊक आहे का. प्रमोदिनी पदराच्या टोकाशी खेळू लागल्या. पंढरी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरू लागला. दौलत छताकडे बघू लागला. नाव प्रत्येकाच्या जिभेवर होतं आणि घ्यायची सोय नव्हती. जन्मभर बायका जे सोसतात ते त्या दिवशी अख्ख्या कचेरीनं घटकाभर सोसलं.

कोळीवाड्यात फोन एकच, कान्हाच्या दुकानातला, पिवळ्या पाटीखालचा. कान्हा धावत मांडवात आला. मंजुळाबाई हळदीनं पिवळ्या झालेल्या, बँजो जोरात, आणि कान्हा म्हणतो सरकारचा फोन. त्या निघाल्या तशा सासू गंगुबाई निघाल्या, दामाजी निघाला, आणि मांडवातल्या निम्म्या बायका काय झालं ते बघायला मागोमाग निघाल्या. बँजोवालासुद्धा आला.

साहेबांनी आधी सगळी हकिगत सांगितली. हंडे, मोर्चा, कोळीवाड्याचं धो धो पाणी, गुदाम. मंजुळाबाईंच्या अंगावरची हळद जणू उतरली आणि चेहरा पांढरा पडला. आपण पाणी चोरलं, असं गाव म्हणतंय. खुर्ची जाणार याचं दुःख होतंच. पण उद्या कोळीवाड्यातल्या बायका आपल्या मुलींना काय दाखवून काय सांगतील, याचं जास्त होतं.

“मी नाय केलं साहेब,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“ते आपण मागाहून पाहू. तूर्त तो शब्द सांगा. येथे स्त्रिया हंडे घेऊन उभ्या आहेत.”

मंजुळाबाईंनी फोनच्या भोवती पाहिलं. सासू. नवरा. दोन्ही बाजूंच्या जावा. लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हाही ज्यांच्यासमोर लाजून त्या पळून गेल्या होत्या, त्या सगळ्या आत्याबाया.

“नाय सांगता येणार साहेब.”

“हा सरकारी आदेश आहे बाई.”

“आदेश असंल साहेब. पण नाय येणार.”

दामाजीला बायकोचं तोंड बघवेना. पाण्यात हातपाय मारणाऱ्या माणसाला जसा धरावा तसा त्यानं फोन तिच्या हातातून काढून घेतला.

“काय झाला साहेब? मी दामाजी बोलतंय.”

“तुमच्याकडे काही नाही माझं. मला शब्द हवाय, शब्द.”

“आवो पन मी दामाजी.”

“अहो, कळलं. आपण जो कोणी असाल तो बाजूला व्हा, आणि बाईंना द्या.”

“दामाजी,” दामाजीनं शेवटचं एकदा सांगून पाहिलं. साहेबांनी तिकडे कपाळाला हात लावला.

तेव्हा गंगुबाई पुढे आल्या. सूनबाई का अडली हे सगळ्यांत आधी त्यांच्याच ध्यानात आलं होतं. उभं आयुष्य त्यांनीही तेच कुलूप तोंडाला लावलं होतं. त्यांनी सुनेच्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “घे गो. हळदीत नाय घ्यायचा तं कवा घ्यायचा? सरकार मागतंय, मीपन मागतंय. नाव घे.”

बायकांनी गलका केला, घे घे. बँजोवाल्यानं एक तार छेडली. मंजुळाबाईंनी फोन दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले, आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यासारखा त्यांचा आवाज तारेतून कचेरीत पोचला. तिकडं प्रमोदिनींना यंत्रापुढं बसवलं होतं, आणि साहेब कानावर पडेल ते शब्द न् शब्द मोठ्यानं सांगत होते.

“भरतीचं पाणी आलं, ओहोटीनं नेलं,” साहेब म्हणाले आणि थबकले. “बाई, हे सगळं यात मावतं का?”

“पुढं ऐका,” रंगूबाई त्यांच्यावर खेकसल्या. मोर्चातल्या बायका हंडे खाली ठेवून पुढं सरकल्या होत्या. साहेब एकेक ओळ वाचल्यासारखी म्हणत गेले:

“भरतीचं पाणी आलं, ओहोटीनं नेलं,
सरकारच्या पेटीला मी शब्दाचं कुलूप केलं;
हंडे घेऊन दारी उभ्या गावच्या लेकीसुना…”

साहेबांनी श्वास घेतला. शेवटची ओळ अजून तारेतच होती. पंढरीनं डोळे घट्ट मिटून घेतले. आणि एवढ्यात टक् करून आवाज झाला, यंत्राचा पडदा उजळला आणि वेळापत्रक समोर उभं राहिलं.

साहेबांनी पडद्याकडं पाहिलं. मग प्रमोदिनींकडं पाहिलं. शेवटची ओळ आता कुठं त्यांच्या कानात उतरत होती.

“दामाजींचं नाव घेते, नळ सोडा पुन्हा,” ते यंत्रवत म्हणाले. “पण मी तर आत्ता सांगतोय. तुम्ही आधीच कसं उघडलंत?”

“सवयीनं झालं साहेब,” प्रमोदिनी म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या.

मोर्चानं मात्र हंडे वाजवून दाद दिली. रंगूबाईंनी साहेबांच्या हातातला फोन काढून घेतला आणि तारेत तोंड घालून मंजुळाबाईंना सांगितलं, की बये, नाव झकास घेतलंस, पाण्याचं मग बघू. मग त्या पडद्याकडं वळल्या. ओळीच्या ओळी सहाच्या. डोंबिवलीची गल्ली सहा, विठ्ठलवाडी सहा, चहावाल्याची चाळ सहा. आणि सगळ्यांत वर, पहिल्याच ओळीत, पेंडसेसाहेबांची आळी. सहा.

“ही कुणाची आळी?” रंगूबाईंनी विचारलं.

साहेबांनी चष्मा काढला आणि रुमालानं बराच वेळ पुसला. वजन आपण वापरलं नव्हतं हे त्यांना आता कळलं होतं. पण वहिनींना ते सांगणं आणि रंगूबाईंना पटवणं यांतलं जास्त अवघड काय, ते कळत नव्हतं. आंबिवलीच्या गुदामाचा कागद त्यांनी मनातल्या मनात फाडून टाकला. ज्याची त्याची ओळ जागेवर गेली, खरखर करत कागद निघाला, आणि दौलत सायकलवर टांग टाकून गेला.

दोन दिवसांनी सुमेधा आली. तिनं कुणालाच रागावलं नाही. तिनं फक्त मंजुळाबाईंच्या टेबलावरची पाटी उचलून त्यांच्यासमोर धरली. बाईंनी ती वाचली आणि जीभ चावली. रोज सकाळी त्यांनी ती पदरानं पुसली होती.

“बाई, आपण बोलत नाही ते गुपित नसतं,” सुमेधा हळूच म्हणाली. “दुसऱ्याला ओळखता येत नाही, ते गुपित.”

त्या दिवशी घरी दामाजी रुसून बसला. आपलं नाव रोज सरकारी यंत्रात चांदण्या होऊन उमटतं, हे त्यानं बंदरावर तोवर सगळ्यांना सांगून झालं होतं. जाळं विणता विणता तो म्हणाला, “म्हंजे काढलास मना?”

“यंत्रातून काढला,” मंजुळाबाई चुलीकडं तोंड करून म्हणाल्या. “तोंडात आला ना आता?”

दामाजीनं सुतळीची चुकीची गाठ मारली आणि ती सोडवत बराच वेळ हसत बसला.

नवा शब्द शोधायला मात्र मंजुळाबाईंना रात्र पुरली नाही. मुलांची नावं सगळ्यांना ठाऊक. कुलदेवता ठाऊक. होडीचं नाव तर होडीवरच रंगवलेलं. असं काय आहे आपल्यापाशी, जे कुठल्या पाटीवर नाही? सकाळी यंत्रापुढं बसल्या तेव्हा त्यांना एकदम परातीतले तांदूळ आठवले. लग्नात दामाजीनं अंगठीनं तांदळात नवं नाव कोरलं होतं, मंजुळा. आणि ज्या पोरीला ते नाव दिलं, तिचं आधीचं नाव परातीतल्या तांदळाखाली गेलं ते गेलंच. सासरी कुणी विचारलं नाही, कचेरीत कुणी ऐकलं नाही, आणि आता तर खुद्द दामाजीलाही आठवत नसावं. मंजुळाबाईंनी हळूच टाकलं. जनी. पडद्यावर मोजक्या चांदण्या उमटल्या आणि दार उघडलं. माहेरच्या ओटीवरून कुणी हाक मारावी तसं वाटलं त्यांना.

पुढचे कितीतरी दिवस कचेरीत छुपे प्रयत्न झाले. पंढरीनं मुलांची नावं लावून पाहिली, एकवीरा लावून पाहिली, शेवटी वैतागून पापलेटसुद्धा लावून पाहिलं. दार हललं नाही. गावाला पाणी ठरल्या वेळी येत होतं आणि मंजुळाबाई खुर्ची पुसून निर्धास्त बसत होत्या.

आणि मग एके दुपारी ठाण्याला खोपटच्या डेपोतून एसटी धरून त्यांची आई आली. मनुबाई. डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी, कासोट्याचं लुगडं, आणि भरल्या बाजारात गिऱ्हाईक बोलावणारा आवाज. लेकीची खुर्ची एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून ती आली होती. व्हरांड्यात उभी राहून तिनं सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशी हाक घातली:

“जने, अगो जने, हायस का आत?”

प्रमोदिनींचं पेन थांबलं. पंढरीच्या हातातला ट्रे जागच्या जागी थबकला. मंजुळाबाईंनी डोळे मिटून घेतले.

आईला त्यांनी खुर्चीवर बसवलं, गार हवेपुढं नेलं, पाणी दिलं. म्हातारीनं खुर्चीच्या हातांवरून हात फिरवला आणि लेकीच्या गालांवरून बोटं फिरवून आपल्या कानशिलावर मोडली. ती गेल्यावर पंढरी कप उचलायच्या निमित्तानं घुटमळला.

“बाई,” त्यानं अगदी सहज विचारलं, “ही जनी कोण?”

“होती आमच्याकडची एक पोरगी,” मंजुळाबाई म्हणाल्या. “लगीन होऊन गेली.”

आणि चपला बाहेर काढून त्या यंत्राच्या खोलीत शिरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंढरी चहा घेऊन आला तो डोळे तांबारलेले आणि तोंड एवढंसं झालेलं. मंजुळाबाई खुर्ची पुसत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “काय रे पंढरी, काल संध्याकाळी थांबला होतास वाटतं उशिरापर्यंत? विठ्ठलवाडीला पाणी किती वाजता आलं आज?”

पंढरीनं चहा खाली ठेवला.

“साडेतीनलाच आलं, बाई.”